लेटरहेडवर पाऊस लिहायचा नाही

कामाच्या आठवणींच्या अंकासाठी लिहा असं संपादकांचं पत्र आलं तेव्हा मी त्यांना फोन करून विचारलं, "निवृत्त मंडळींच्या पंगतीत मला कशाला बसवताय? माझं वय अठ्ठावीस आहे." ते म्हणाले, "सहा वर्षं नवी जोडपी फिरायला पाठवलीत ना? तेच लिहा. गमतीजमती असतीलच."

आहेत. त्या मी सुरुवातीलाच उरकून टाकते. मला जे सांगायचं आहे त्यात गंमत नाही.

मी मूळची पत्रकवाली. कॉलेजात असल्यापासून पाण्याच्या आंदोलनात होते. वसईत तेव्हा इमारती भराभर उभ्या राहत होत्या आणि नळ कोरडे होते. मोर्चाच्या आदल्या दिवशी घरोघरी दाराच्या फटीतून सरकवायचे कागद मी लिहायचे. पत्रकाचं एक शास्त्र असतं. पहिल्या ओळीत माणूस थांबला पाहिजे, दुसऱ्या ओळीत चिडला पाहिजे आणि शेवटच्या ओळीत चपला घालून निघाला पाहिजे. मला ते जमायचं. आजही जमतं. दुर्दैवाने.

असाच एक कागद राऊतसाहेबांच्या दारातून आत गेला. माणिकपूरला रिक्षा स्टँडसमोर, मिठाईच्या दुकानावरच्या मजल्यावर त्यांची प्रवासी कंपनी होती. त्यांनी कोणाकोणाला विचारत माझा पत्ता काढला आणि मला बोलावून घेतलं.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो. चुकलंय काही?"

"चुकलं नाही हो. मी दोनदा वाचलं. आमचं पत्रक लोक एकदाही वाचत नाहीत, त्यात वडे बांधून नेतात. नोकरी कराल?"

घरी पगाराची गरज होती. मी हो म्हटलं. चळवळीतल्या एकदोघांनी टोमणे मारले, "आता काय, हनिमूनचा मोर्चा काढणार?" मी म्हटलं, नोकरी आहे, तत्त्व नाही विकलं. किती सोपं वाटतं हे वाक्य वयाच्या एकविसाव्या वर्षी.

बाहेरच्यांना या धंद्याबद्दल एकच गोष्ट सांगायची तर ही, की नव्या जोडप्याला ठिकाण निवडता येत नाही. त्यांना वाटतं आपण निवडलं. प्रत्यक्षात निवड मुहूर्ताने, रजेने आणि सासूने आधीच केलेली असते. आमच्याकडे लग्नं मे महिन्यात होतात, म्हणजे फिरायला जायची वेळ येते तेव्हा पाऊस डोक्यावर. दुसरा हंगाम तुळशीच्या लग्नानंतरचा. गावातल्या ख्रिस्ती घरांचं कॅलेंडर वेगळं. ईस्टरआधीच्या उपवासकाळात लग्न नाही आणि नाताळाआधीच्या आगमनकाळातही नाही. म्हणून मग ईस्टरनंतर एक लाट यायची आणि आगमनकाळ लागायच्या आत, नोव्हेंबरात, दुसरी. दोन्हीकडची मंडळी एकाच बाकावर बसून तोच प्रश्न विचारायची: "मॅडम, समुद्र हवा, नारळ हवेत, पण पाऊस नको."

आता समुद्र आणि नारळ तर भुईगावातही आहेत. पण भुईगावच्या किनाऱ्यावर मामा भेटतो, मावशी भेटते. अनोळखी समुद्र हवा असतो. मला ते कळायचं.

उत्तर भूगोलात असतं. पाऊस सगळीकडे एकाच वेळी पडत नाही. जूनमध्ये आपण भिजत असतो तेव्हा मॉरिशसला कोरडी थंडी असते. आपल्याकडचा पाऊस ओसरतो तेव्हा वारे उलटतात आणि मद्रासच्या बाजूला, अंदमानकडे त्यांचा दुसरा पाऊस सुरू होतो, तो डिसेंबर उजाडेपर्यंत. नववीच्या पुस्तकात हे आहे. मला त्या धड्यावर पैकीच्या पैकी मार्क होते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पण धंदा भूगोलावर चालत नाही. ज्या महिन्यात तिथे कोणी जात नाही त्या महिन्यात हॉटेलवाला हात जोडतो, आणि तेव्हाच आमच्यासारख्यांना चार पैसे सुटतात. म्हणून पावसाळ्याला पावसाळा म्हणायचं नाही. 'हिरवा हंगाम' म्हणायचं. कोणी जात नाही असं म्हणायचं नाही. 'निवांतपणा' म्हणायचं. सातिवलीच्या एका कारखान्यातले सुपरवायझर जुलैत आले. मेमध्ये लग्न झालेलं, पण शेडमध्ये पाणी शिरून मशीन बंद पडली तेव्हा कुठे रजा मिळाली. म्हणाले, "मॅडम, कुठंही पाठवा, पाऊस नको. आमच्या शेडमध्ये गुडघाभर आहे." राऊतसाहेबांनी त्यांना गोव्याचा हिरवा हंगाम विकला. आठवड्याने ते परत आले, खुर्चीत बसले आणि शांतपणे म्हणाले, "तिथंही गुडघाभरच होता." आणि हसले. बायकोही हसली. ते जोडपं पुढे मुलाच्या बारशाचे पेढे घेऊन आलं. अशी माणसं भेटली की आपण काय करतो आहोत याचा विसर पडतो. गमतीजमती संपल्या.

नोकरीच्या पाचव्या वर्षी गणपतीनंतर राऊतसाहेबांनी मला अंदमानचं पत्रक लिहायला सांगितलं. रंगीत, तीन घड्यांचं. मी एका दुपारी लिहून टाकलं. वरच्या ओळीत ठळक अक्षरांत होतं: 'दसरा झाला, पाऊस गेला, आता निघा!' आत निळ्या पाण्याचा फोटो आणि खाली, 'नोव्हेंबरात अंदमान: स्वच्छ ऊन, शांत समुद्र.' राऊतसाहेबांनी वाचून टेबलावर थाप मारली. "बघा! आता वडे नाही बांधणार कोणी."

छापून आल्यावर पंधरा दिवसांत एक निवृत्त गुरुजी मुलीच्या लग्नासाठी चौकशी करायला आले. काखेत नकाशांचं पुस्तक. पत्रक वाचून त्यांनी चष्मा काढला.

"हे कोणी लिहिलं?"

"मी."

"शाळा कुठली?"

"का?"

"नोव्हेंबरात त्या बाजूला स्वच्छ ऊन? ईशान्य मोसमी वारे नावाचा काही प्रकार ऐकलाय का, बाई? की तो धडा ऑप्शनला टाकला होता?"

मला राग आला. खरं तर ते बरोबर होते म्हणूनच आला. ते गेल्यावर मी राऊतसाहेबांना म्हटलं, "ती ओळ काढू या. खोटी आहे."

"छापून झालंय."

"शिक्का मारू. 'हवामानाची खात्री नाही' असा."

त्यांनी पत्रकाची घडी घातली. मग समजुतीच्या स्वरात म्हणाले, "अहो, रोज पडतोच असं नाही. आठ दिवस कोरडेही जातात. आणि गिऱ्हाईक वसईचं आहे. त्याला वसईचा पाऊस संपला एवढं पुरतं."

या वाक्यावर मी मोर्चा काढायला हवा होता. मी जागेवर जाऊन बसले.

विल्सन आणि संगीता ऑक्टोबर संपता संपता आले, विल्सनच्या आईसोबत. भुईगावची वाडी, केळी आणि मोगरा. विल्सन आखातात एअरकंडिशनिंगचं काम करायचा. दोन वर्षांचा करार आणि मध्ये एकच मोठी रजा. ती रजा कशी वाटली गेली ते त्याने मला बोटांवर मोजून सांगितलं. लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये दोघांची नावं वाचली जातात, कोणाची हरकत असेल तर सांगा म्हणून. ते तीन रविवार गेले. मग लग्न. लग्नाचा दिवस धरून उरतात नऊ दिवस. दहाव्या दिवशी रात्री सहार विमानतळावर हजर. नाही तर नोकरी जाते.

"नऊपैकी सहा आमचे," तो म्हणाला. "बाकीचे आईचे."

"मी मागितले नाहीत हां," आई म्हणाली. त्यांचं नाव कातरीन. घरात त्यांची बोली वेगळी, पण माझ्याशी त्या चर्चमधल्या प्रार्थनेसारखं स्वच्छ मराठी बोलायच्या, एकेक शब्द सुटा. "हाच म्हणाला, आई, जायच्या आधी दोन दिवस तुझ्या हातचं जेवणार. बाप गेल्यापासून हा घरात असतो तेवढेच दिवस मी दोन वेळा चूल पेटवते."

संगीता पत्रकातला निळा फोटो बघत होती. मग हळूच म्हणाली, "पाऊस नसेल ना?"

मी तोंड उघडायच्या आत कातरीनबाय म्हणाल्या, "अगं, नोव्हेंबरात कुठला पाऊस? मोगऱ्याला पाणी द्यायला लागतं नोव्हेंबरात. आणि हे बघ, छापलंय की." त्यांनी माझ्या ओळीवर बोट ठेवलं.

चाळीस वर्षं वाडी केलेली बाई. तिला आभाळ कळत होतं, पण तिचं आभाळ. तिची चूक प्रामाणिक होती. माझी नव्हती.

अंदमानचं विमान मद्रासहून सुटायचं, म्हणून मी बुकिंगसाठी मद्रासला फोन लावला. तिकडच्या एजंटाकडे सुंदरम म्हणून गृहस्थ होते. मध्येच म्हणाले, "मॅडम, एक मिनिट, खिडकी लावतो." फोनमधून पत्र्यावर खडे पडावेत तसा आवाज येत होता. मी रिसीव्हर कानाला धरून तो पाऊस ऐकला. समोर तिघं बसली होती. सुंदरम परत आले आणि मी म्हटलं, "हो, सहा दिवस. दोघं." विल्सनने हसून विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "झालं."

लग्न रविवारी झालं. मंगळवारी दोघं निघाली. गुरुवारी बोटीने हॅवलॉक बेटावर पोचली, तिथे दोन रात्री. त्या दिवशी ऊन होतं. शुक्रवारी दुपारपासून वारा सुटला. शनिवारची परतीची बोट सुटली नाही. रविवारचीही नाही. बेटावरचे फोन बंद. रविवारी संध्याकाळी दोघं वसईत असायला हवी होती. आपल्या वर्तमानपत्रांत चार ओळीही नव्हत्या. तिकडचं वादळ आपल्याला लागत नाही.

सोमवारी सकाळी ऑफिस उघडताच सुंदरमचा फोन आला: समुद्र खवळलेला आहे, बोटी बंद आहेत, माणसं सुखरूप आहेत. मी निरोप कागदावर लिहिला. लिहून होतो न होतो तोच जिन्यावर पावलं वाजली. कातरीनबाय. अंगावर लुगडं, हातात पिशवी. सकाळी उठून थेट आल्या होत्या.

"माझा मुलगा कुठाय?"

मी कागद उचलला. राऊतसाहेब केबिनमधून बाहेर आले आणि माझ्या हातातला कागद त्यांनी इतक्या सहज काढून घेतला, की जणू तो त्यांचाच होता.

"बसा, आई. काळजीचं काही नाही. सुखरूप आहेत दोघं."

"मग आली का नाहीत?"

राऊतसाहेब हसले. "अहो आई, हनिमून आहे. नवीन नवरी आहे. एखादा दिवस जास्त राहतात मुलं. उद्या येतील."

"राहिली? आपणहून?"

"वय असतं ते."

कातरीनबायनी माझ्याकडे बघितलं. मी बाई म्हणून, की त्या दिवशी फोन मीच केला होता म्हणून, ठाऊक नाही. त्या थांबल्या होत्या. मी म्हणायला हवं होतं की वादळ आहे, बोटी बंद आहेत, तुमचा मुलगा तुमच्याकडे यायला तडफडतोय. तीन वाक्यं. माझ्या पत्रकांतल्या कुठल्याही ओळीपेक्षा सोपी.

मी टेबलावरची पेन्सिल सरळ केली.

"त्यानेच सांगून ठेवलं होतं," त्या म्हणाल्या. "दोन दिवस म्हणाला होता." पिशवी उचलून त्या निघाल्या. दारात वळून एवढंच म्हणाल्या, "मासे आणून ठेवले होते."

त्या गेल्यावर मी राऊतसाहेबांना विचारलं, "खोटं का बोललात?"

"वादळ म्हटलं असतं तर ती इथेच बसून रडली असती. आणि मग पत्रक काढलं असतं. 'शांत समुद्र' लिहिलंय आपण. ग्राहक न्यायालय माहितीये ना तुम्हाला? तुम्हीच लोकांना पत्ता देता."

हे खरं होतं. मी लोकांना पत्ता द्यायचे.

सोमवारी दुपारी बोट सुटली. मंगळवारी संध्याकाळी दोघं मुंबईच्या विमानतळावर उतरली आणि त्याच रात्री विल्सनचं आखाताचं विमान होतं. भुईगावला येऊन जायला वेळ नव्हता. चुलतभाऊ आणि आई त्याची बॅग घेऊन सहारला गेली. आत जायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं मिळाली. तो म्हणाला, "आई, वादळ होतं." आई म्हणाली, "हो रे बाबा. जा." नवरा बायकोची बाजू घेणारच, असं त्या माऊलीने मनात धरलं. मग विल्सन आत गेला आणि संगीता सासूबरोबर भुईगावला गेली. ज्या घरात तिने जेमतेम दोन रात्री काढल्या होत्या त्या घरात, दोन वर्षांसाठी.

हे सगळं मला संगीतानेच सांगितलं, डिसेंबरात, ऑफिसच्या जिन्यात उभं राहून. आत यायला ती तयार नव्हती.

"मॅडम, मला एक कागद हवाय."

"कसला?"

"की पाऊस होता. बोटी बंद होत्या. तुमच्या कंपनीच्या कागदावर, शिक्का मारून. आई मला काही बोलत नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. गावात सांगतात, सुनेने दोन दिवस ठेवून घेतलं, मुलगा न जेवता गेला."

"विल्सनने पत्रात लिहिलं नाही?"

"लिहिलं. आई म्हणतात, तूच लिहायला लावलंस." तिने पर्समधून फोटोंचं पाकीट काढलं. "आणि हे आले धुऊन. बघा."

मी बघितले. बाराच्या बारा फोटो गुरुवारचे. लख्ख ऊन, निळं पाणी, विल्सन शर्टाच्या बाह्या दुमडून हसतोय. वादळात कोण फोटो काढतं? शुक्रवारपासून सोमवारपर्यंत ती दोघं लाकडी खोलीत बसून छताची गळती भांड्यात धरत होती. त्याचा फोटो नव्हता.

"यांच्याच दुसऱ्या प्रती आणि तुमचं पत्रक, दोन्ही आईंनी कपाटात ठेवलंय," ती म्हणाली. "कोणी आलं की दाखवतात. यात लिहिलंय बघा म्हणतात, पाऊस गेला."

मी राऊतसाहेबांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, हेही लिहायला हवं. संगीतासाठी त्यांनी चहा सांगितला. पण म्हणाले, "वाटल्यास पुढच्या वेळी दोघांना माथेरान फुकट पाठवतो. कागद मिळणार नाही. लेटरहेडवर पाऊस लिहायचा नाही."

"साध्या कागदावर मी लिहून देते."

"द्या. आणि उद्यापासून येऊ नका."

मी बाहेर आले. चहाचा कप हातात धरून ती तशीच उभी होती. मी म्हटलं, "बघते मी काहीतरी."

बघते. ज्या शब्दावर सरकारी कार्यालयांच्या दारात मी आयुष्यभर ओरडत आले तोच शब्द. नगरपालिकेचे साहेब 'बघतो' म्हणाले की मी दुसऱ्या दिवशी पत्रक काढायचे.

ती नाताळानंतर परत आली. मी म्हटलं, अजून नाही. उपवासकाळ लागायच्या आधी आली. मी म्हटलं, साहेब गावाला गेलेत. ते आत बसले होते. तिला त्यांचा आवाज ऐकू येत असावा. त्यानंतर ती आली नाही.

त्याच काळात मी पाण्याच्या टँकरच्या प्रश्नावर चार पत्रकं लिहिली. 'अधिकाऱ्यांनो, मौन सोडा!' असा एकाचा मथळा होता. लोकांनी त्याचं कौतुक केलं.

नोकरी मी सोडली ती त्यानंतर सव्वा वर्षाने. त्यात शौर्य काही नव्हतं. ग्राहकांच्या एका संघटनेत थोड्या पगाराचं काम मिळालं, म्हणून सोडली. नोकरी नव्हती, भीती नव्हती, तेव्हा मी तो कागद लिहिला. साध्या कागदावर, सुवाच्य अक्षरात. कुठल्या वारी काय झालं, सुंदरम काय म्हणाले, पत्रकातली ओळ खोटी होती आणि ती मी लिहिली. खाली सही. तो घेऊन मी भुईगावला गेले.

कातरीनबाय ओट्यावर मोगऱ्याच्या कळ्या निवडत होत्या. मला त्यांनी लगेच ओळखलं.

"बस, बाय."

मी कागद दिला. त्यांनी हात पदराला पुसले, चष्मा मागवला. तो संगीताने आतून आणून दिला. दोघींच्या हातांमध्ये चष्म्याच्या दांडीएवढं अंतर राहिलं. संगीता माझ्याकडे बघून हसली नाही. दाराशी उभी राहिली.

कातरीनबायनी सावकाश, पुटपुटत वाचलं. मग उठून आत गेल्या आणि कपाटातून पत्रक आणलं. घड्या झिजून पांढऱ्या झाल्या होत्या. दोन्ही कागद त्यांनी मांडीवर शेजारी शेजारी ठेवले.

"हे तू लिहिलंस?"

"हो."

"हेही तूच?"

"हो."

"मग यातलं खरं कुठलं?"

"आजचं. आई, खरंच पाऊस होता. चार दिवस. बोटी बंद होत्या."

कळ्या निवडणं थांबलं होतं. मग म्हणाल्या, "सोमवारी मी आले होते. तू समोर बसली होतीस. तेव्हा तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"मी तुझ्याकडे बघितलं होतं."

"हो."

"साहेब बोलला त्याचं मला काही नाही. तो दुकानदार. मी तुझ्याकडे बघितलं, तू मान खाली घातलीस. मी म्हटलं, पोरीला माझी लाज वाटतेय. सून मुलाला सोडत नाही हे म्हातारीला तोंडावर कसं सांगू, म्हणून गप्प आहे." त्यांनी चष्मा काढला. "तुझ्या त्या मान खाली घालण्यावर मी विश्वास ठेवला, बाय. कागदावर नाही."

त्यांनी माझा कागद घडी करून पत्रकाच्या घडीत घातला आणि दोन्ही बाजूला ठेवले. दाराकडे न बघता म्हणाल्या, "हिला दीड वर्ष मी ताटात वाढलं नाही. ही आपली आपण वाढून घेते. आता काय करू? आता हाक मारली तर ही काय म्हणेल?"

मी वळून बघितलं तेव्हा संगीता तिथे नव्हती.

ती मला वाडीच्या टोकाला भेटली, जिथे गल्ली अरुंद होते आणि सायकलला वाट द्यायला भिंतीला टेकावं लागतं. मी म्हटलं, "मला माफ कर. उशीर झाला."

"तुम्ही फार चांगलं लिहिता, मॅडम," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. "आजचंही किती चांगलं लिहिलंय. मी दारातून ऐकत होते, त्या वाचत होत्या ते. पण मला डिसेंबरात हवं होतं. कसंही लिहिलेलं चाललं असतं. दोन ओळी."

"आता सासूबाई..."

"आता मला त्यांचं काही वाटत नाही. तेच वाईट आहे." आणि ती परत गेली.

विल्सन करार संपवून आला. त्याने माणिकपूरला भाड्याने जागा घेतली, संगीताला तिथे ठेवलं आणि परत गेला. तिला एक मुलगी आहे, असं ऐकलं. भुईगावच्या घरी कातरीनबाय एकट्या असतात. रविवारी मिस्साला दोघी एकाच चर्चमध्ये जातात आणि वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडतात. हेही ऐकलेलंच. मी विचारायला गेले नाही. मला कोणत्या तोंडाने विचारायचं ते समजलं नाही.

आता मी ग्राहकांच्या तक्रारी लिहून देते. लोक येतात, खोट्या जाहिराती घेऊन येतात, मी त्यांच्या वतीने चिडते. राग खरा असतो. पण समोरच्या कंपनीतर्फे कोणी तरुण मुलगी फाईल घेऊन आली आणि बोलता बोलता तिने टेबलावरची पेन्सिल सरळ केली, की माझं वाक्य मध्येच तुटतं. तिला मला काय म्हणायचं असतं ते मी अजून एकदाही म्हटलेलं नाही.

नवं लग्न झालेल्यांसाठी एवढंच: नोव्हेंबरात पूर्वेच्या समुद्राकडे जाऊ नका आणि कोणी छापून दिलं तर आधी नववीचं पुस्तक उघडा. राऊतसाहेबांची कंपनी आता नाही, पण पत्रकं लिहिणारे पुष्कळ आहेत.

संपादकांना मी विचारलं होतं, तुमचा अंक भुईगावात जातो का? ते म्हणाले, वाचनालयात एक प्रत जाते. म्हणून हा तिसरा कागद. पहिल्या दोन्हींपेक्षा याला जास्त वाचक मिळतील. ज्या ज्या घरात ते फोटो आणि ते पत्रक दाखवलं गेलं तिथल्या कोणाच्या हाती हा अंक पडला, तर त्यांनी हे वाचावं. सही माझी आहे, शिक्का नाही.

शुक्रवारी दुपारपासून सोमवारी दुपारपर्यंत हॅवलॉकला पाऊस होता. तिने त्याला ठेवून घेतलं नव्हतं.